खतामागचा माणूस पाहणारा न्यायाधीश
(न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्राची प्रस्तावना)

वारणा नदी ही आपल्या शाहूवाडी तालुक्याची उत्तरेकडची हद्द. नदीपलीकडचा शिराळा आज सांगली जिल्ह्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो सातारा जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखाली होता. अलीकडचा आपला मुलूख करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात होता, आणि त्यातही मलकापूर व भोवतालची गावे विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीत. १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. तेव्हापासून शिराळ्याच्या कर्जदार शेतकऱ्याला कोर्टात उभे राहून सांगता येऊ लागले, की खतावरचा, म्हणजे कर्जाच्या दस्तावरचा आकडा बाजूला ठेवा, मुळात हातात किती रुपये पडले ते आधी तपासा. वारणेच्या दक्षिणेला हा कायदा लागू नव्हता. दोन्ही काठांवर पाऊस तोच, भात-नाचणीचे पीक तेच, सावकाराच्या वहीची मोडीही तीच. फरक होता तो न्यायाधीशाला काय विचारण्याची मुभा आहे, एवढाच. तेवढ्या फरकावर एखाद्या घराची जमीन राहणार की जाणार, हे ठरत होते.

हा कायदा कागदावरून कोर्टात आणि कोर्टातून गावापर्यंत पोचवण्याचे काम ज्यांनी वर्षानुवर्षे केले, त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे हे चरित्र आहे. रानडे म्हटले की आपल्याला प्रार्थना समाज, सामाजिक परिषद, विधवाविवाह, मराठ्यांच्या सत्तेचा उत्कर्ष सांगणारा इतिहासग्रंथ, गोपाळ कृष्ण गोखल्यांचे गुरू या गोष्टी आठवतात. त्या आठवणी योग्यच आहेत. पण या माणसाचे रोजचे काम होते कोर्टाचे. सकाळी फिर्यादी वाचायच्या, दुपारी साक्षी ऐकायच्या, संध्याकाळी निकाल लिहायचे. त्यांचे अर्थशास्त्र, त्यांचे राजकारण, समाजाविषयीची त्यांची तळमळ, या सगळ्यांना खतपाणी मिळाले ते या रोजच्या कामातून. कायद्याचा विद्यार्थी, न्यायाधीश आणि कायदेमंडळाचा सभासद या तिन्ही भूमिका एकाच माणसाने कशा जगल्या, हे सांगणे हाच या पुस्तकाचा हेतू आहे.

अमेरिकेच्या इतिहासात अशी माणसे सुरुवातीलाच भेटतात. जॉन मार्शल यांनी वकिली केली, १७८२ साली ते व्हर्जिनियाच्या विधिमंडळात निवडून आले, पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि १८०१ पासून १८३५ पर्यंत, मरेपर्यंत, सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश राहिले. संविधानाशी विसंगत कायदा न्यायालय रद्द ठरवू शकते, हे तत्त्व १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात त्यांनीच प्रस्थापित केले. पण मार्शल स्वतंत्र देशाचे नागरिक होते आणि त्यांच्या पाठीशी मतदार होते. रानडे परक्या सरकारचे नोकर होते. त्यांना कायदेमंडळात बसवले ते गव्हर्नराने, लोकांनी नव्हे. कायदा रद्द करण्याचा अधिकार त्यांच्या न्यायालयाला नव्हता. बदली एका सहीने होत होती. इतक्या अरुंद जागेत उभे राहून त्यांनी कायद्याकडून माणसाच्या बाजूचे जेवढे काढून घेता येईल तेवढे काढले. म्हणूनच हे चरित्र आपल्या मातीतून समजून घ्यायला हवे.

या चरित्रातले कोल्हापूर फार वाचकांना माहीत नसते. रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला झाला; पण वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानात नोकरीला आल्यामुळे बालपण गेले ते करवीरात. १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव नुकताच होऊन गेला होता. संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला होता. जुनी सत्ता गेलेली आणि नवी अजून अंगवळणी न पडलेली, अशा शहरात हा मुलगा आधी मराठी आणि मग इंग्रजी शाळेत शिकला. १८५६ च्या सुमारास पुढच्या शिक्षणासाठी तो मुंबईला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यांत रानडे होते. बरोबर रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली एल्‌एल. बी. झाली. वाचनाने डोळे इतके दुखावले की डोळ्यांच्या विकाराने त्यांना पुढे जन्मभर त्रास दिला.

कायद्याची पदवी घेतल्यावर पहिली काही वर्षे त्यांनी निरनिराळी कामे केली. सरकारचे मराठी भाषांतरकार, अक्कलकोट संस्थानचे कारभारी, आणि मग काही काळ कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा दुसरे राजाराम महाराज होते, जे १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला निवर्तले. ज्या शहरात लहानपण गेले, जिथे वडिलांच्या ओळखी होत्या, तिथेच ऐन पंचविशीत न्यायासनावर बसणे ही कोणत्याही तरुणाची कसोटीच होती. संस्थानी कोर्टात ओळख आणि न्याय यांच्यामधली रेघ पुसट असते, ही गोष्ट त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. त्यानंतर ते एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी आणि इतिहास शिकवू लागले. १८७१ साली ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. मुंबई हायकोर्टात वकिली करून पैसा आणि नाव दोन्ही मिळवण्याचा रस्ता मोकळा होता. त्यांनी तो सोडला आणि पुण्याला प्रथम वर्ग सबजज्ज म्हणून रुजू झाले. वकिलाचे शिक्षण घेतलेला हा माणूस न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला आणि उरलेले जवळजवळ सगळे आयुष्य तिथेच राहिला.

पुण्यात आल्यावर त्यांना जे दिसले ते समजण्यासाठी दख्खनच्या कर्जाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावी लागेल. जुन्या काळी सावकार आणि कुळ यांच्यात वाद झाला तर गावची पंचायत बसायची. सावकाराला गावातच राहायचे असे, त्यामुळे ताणायचे किती यालाही मर्यादा होती. दामदुपटीचा नियम होता: एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. इंग्रजी अमलात तंटा पंचायतीकडून दिवाणी कोर्टात गेला. कोर्ट खत पाहायचे, सही किंवा अंगठा पाहायचे आणि हुकूमनामा द्यायचे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू होता जुन्या, खोट्या दाव्यांपासून कर्जदाराला वाचवण्याचा. घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला, आणि प्रत्येक नव्या खतात थकलेले व्याज मुद्दल होऊन बसू लागले. दामदुपटीचा नियम अशा खतापुढे लंगडा पडला, कारण कागदावर ते सगळेच मुद्दल होते. कुळ अडाणी, तालुक्याचे कोर्ट कोसभर नव्हे तर दिवसभराच्या वाटेवर, वकिलाला द्यायला पैसे नाहीत. तो हजरच राहायचा नाही आणि दावा एकतर्फी निकाली निघायचा. मग जप्ती, बैल, भांडी आणि शेवटी जमीन.

त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने आणखी एक घडी मोडली. १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस इंग्लंडला जाणे थांबले, म्हणून इथल्या कापसाचे भाव चढले, कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज तेवढे राहिले. त्याच सुमारास जमीनमहसुलाच्या फेरआकारणीने सारा वाढला. या साऱ्याचा भडका १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात उडाला. तिथून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत दंगे पसरले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की जमावाने मुख्यतः हात घातला तो खतांवर आणि हुकूमनाम्यांवर. कागद हाती आले की ते जाळले जात. आपले शत्रुत्व कोणत्या वस्तूशी आहे, हे शेतकऱ्याला अचूक कळले होते. सरकारने चौकशी समिती नेमली, मग १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला, आणि अखेर १८७९ चा कायदा आला.

या कायद्याचा गाभा असा होता. शेतकऱ्यावरच्या दाव्यात न्यायाधीशाने खतापाशी थांबायचे नाही; व्यवहाराच्या सुरुवातीपर्यंत मागे जायचे, मूळ रक्कम किती, व्याज किती, फेड किती झाली याचा हिशेब नव्याने मांडायचा. शक्य तिथे प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घ्यायची. रक्कम हप्त्यांनी फेडण्याची मुभा द्यायची. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. जमीन खास गहाण ठेवलेली नसेल तर ती जप्त करायची नाही. दावा लावण्याआधी तडजोडीचा प्रयत्न करण्यासाठी तडजोडकर्ते नेमायचे, गावपातळीवर खतांची नोंद करायची, लहान दाव्यांसाठी गावमुन्सफ नेमायचे. आणि खालची कोर्टे हे सारे नीट करतात की नाही, हे पाहायला एक खास न्यायाधीश ठेवायचा, ज्याला कागदपत्रे तपासून चुकीचे निकाल दुरुस्त करता येतील.

१८८१ साली रानडे या खास न्यायाधीशाचे सहायक झाले आणि १८८७ पासून १८९३ पर्यंत स्वतः खास न्यायाधीश होते. हे काम एका जागी बसून होणारे नव्हते. तंबू, कागदांची गाठोडी आणि कारकून घेऊन तालुक्या-तालुक्यांत फिरायचे, कोर्टांचे दप्तर उघडून पाहायचे. पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या फिरतीच्या दिवसांविषयी लिहिले आहे. एरवी न्यायाधीश कोर्टाकडे येणाऱ्यांची वाट पाहत बसतो. इथे न्यायाधीश शेतकऱ्याच्या दारापर्यंत जात होता. एकेका दाव्यातून मागे जात जात त्यांना एका कुटुंबाची वीस-तीस वर्षे दिसत होती: कोणत्या साली पाऊस पडला नाही, लग्नासाठी किती काढले, बैल कधी मेला, सारा कधी वाढला. अशी हजारो कुटुंबे डोळ्यांखालून गेल्यावर त्यांनी जे अर्थशास्त्र मांडले, त्याला इंग्रजी पुस्तकांतल्या सिद्धान्तांचा आधार पुरेना.

त्यांचे म्हणणे नेमके होते, आणि ते आजही नीट वाचले जात नाही. सावकाराला खलनायक ठरवून प्रश्न सुटत नाही, असे ते म्हणत. शेतीला भांडवल लागतेच; ते देणारा दुसरा कोणी नसेल तर सावकाराला कायद्याने बांधून ठेवल्यावर शेतकरी पैशावाचून मरेल. म्हणून कर्जाची नवी, स्वस्त आणि भरवशाची व्यवस्था उभी केली पाहिजे. ब्रिटिश सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांच्याबरोबर पुण्यात शेतकी बँक काढण्याच्या योजनेत त्यांनी भाग घेतला. लंडनच्या भारतमंत्र्याने ती मंजूर केली नाही. सरकारी साराही कर्जाच्या मुळाशी आहे, हे त्यांनी सरकारी नोकरीत असताना लिहिले. प्रशियातले जमिनीचे कायदे आणि रशियातली भूदासांची मुक्ती यांचा अभ्यास करून, देशादेशांची परिस्थिती वेगळी असते म्हणून अर्थशास्त्राचे नियम सगळीकडे सारखे लागू होत नाहीत, असे त्यांनी मांडले. १८९२ साली डेक्कन कॉलेजात दिलेल्या भारतीय अर्थशास्त्रावरील व्याख्यानात हा विचार पूर्णपणे उतरला. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला, तेव्हा रानडे हयात नव्हते. पण आपल्या तालुक्यातला जो शेतकरी आज विकास सोसायटीकडून पीककर्ज घेतो, त्याच्या कर्जाचा विचार त्यांनी फार आधी केला होता.

कायदेमंडळातले त्यांचे काम याच अनुभवाचे पुढचे पाऊल होते. १८८५, १८९० आणि १८९३ अशा तीन वेळा त्यांची मुंबईच्या गव्हर्नराच्या कायदेमंडळावर नेमणूक झाली. १८६१ च्या कायद्याने घडलेल्या या मंडळात सभासदांना मांडलेल्या विधेयकावरच बोलता येत असे. अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या सुधारणेने मिळाली, तीही मर्यादित. मतदानाने सरकार पाडणे दूरच. अशा सभागृहात प्रभाव पाडायचा तर एकच साधन होते: मसुद्यातले प्रत्येक कलम खालच्या कोर्टात गेल्यावर काय करील, हे दाखवून देणे. त्यासाठी लागणारा अनुभव त्यांच्यापाशी होता. सरकारने १८८६ साली खर्चात काटकसर सुचवण्यासाठी नेमलेल्या समितीवरही ते होते. गोखल्यांनी पुढे कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावरची जी भाषणे केली, त्यांतली आकड्यांची शिस्त त्यांनी रानड्यांच्या हाताखालीच कमावली होती.

१ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. तेलंगही वकील, कायदेमंडळाचे सभासद आणि मग हायकोर्टाचे न्यायाधीश. भगवद्गीतेचा त्यांचा इंग्रजी अनुवाद जगभर वाचला गेला. त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टात गेले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी मृत्यू येईपर्यंत तिथे राहिले. सरकार त्यांच्याकडे नेहमी विश्वासाने पाहत होते असे मात्र नाही. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचा उठाव आणि पुण्यातल्या वाड्यांना लागलेल्या आगी यांच्या धामधुमीत सरकारला त्यांचा संशय होता. त्याआधी नाशिकला झालेली बदली आता थेट धुळ्यापर्यंत गेली. त्यांनी ती मुकाट्याने स्वीकारली आणि तिथल्या कोर्टात तितक्याच चोखपणे काम केले.

या चरित्रात त्यांच्या उणिवाही झाकलेल्या नाहीत, आणि झाकू नयेत. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्याच मुलीला त्यांनी शिकवले, आणि तीच पुढे सेवासदनाच्या रमाबाई रानडे झाली. तरी पहिला प्रश्न त्याने मिटत नाही. जोतीराव फुले यांचा आक्षेप त्याहून खोल होता. १८८५ साली रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेला त्यांना बोलावले, तेव्हा जोतीरावांनी नकार कळवला. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचारच नाही, तिच्याशी आपले जुळणार नाही, असा त्यांचा आशय होता. शेतकऱ्याचा आसूड लिहिताना जोतीरावांनी कुलकर्णी, कारकून आणि कोर्टाचे अंमलदार यांच्याकडेही बोट दाखवले होते. न्यायाधीश कितीही नेक असला तरी त्याच्याभोवतीचे दप्तर कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न रानड्यांच्या लेखनात पुरेसा येत नाही. सत्यशोधक चळवळ ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने रुजली, तिथल्या वाचकाने रानडे वाचताना फुलेही जवळ ठेवले पाहिजेत. दोघांना दिसलेला शेतकरी एकच होता. दोघे उभे होते त्या जागा वेगळ्या होत्या. १९४३ साली रानड्यांच्या जन्मदिनी पुण्यात बोलताना बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे मोठेपण निःसंकोच मान्य केले, ते त्यांच्या सामाजिक सुधारणेच्या आग्रहासाठी. आंबेडकरांसारख्या कठोर परीक्षकाने दिलेली ही पावती आपणही विसरू नये.

१८७९ चा कायदाही परिपूर्ण नव्हता. गहाणखत लिहिले तर कोर्ट मागे जाते, हे कळल्यावर सावकार थेट खरेदीखते लिहून घेऊ लागले. कर्ज तेच, कागदावर मात्र विक्री. हप्ते मिळाले तरी पुढच्या वर्षीचे बियाणे आणायला पैसे नव्हते. कायद्याने धरलेली वाट व्यवहाराने चुकवली, की कायद्याला पुन्हा नवी वाट शोधावी लागते. हे काम संपत नाही. ते पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवावे लागते, आणि चालू ठेवणाऱ्याला गाव माहीत असावे लागते.

म्हणून हे पुस्तक आत्ता वाचण्यासारखे आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांना ते जवळ आले. वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी कित्येक दशके लढा दिला. आंबा घाटाजवळच्या वाडीतल्या माणसाला मुंबईची फेरी वाचली, हा लाभ लहान नाही. पण अंतर किलोमीटरमध्येच मोजायचे नसते. निकालाची भाषा कळत नसेल, वाटणीच्या दाव्यात नातवंडे मोठी होत असतील, सही करण्यापूर्वी कागद कोणी वाचून दाखवत नसेल, तर न्यायालय दारात असूनही लांबच राहते. रानड्यांनी हे दुसरे अंतर कमी करण्यासाठी आयुष्य घालवले.

आपल्या तालुक्यातली मुले-मुली आज मोठ्या संख्येने कायदा शिकायला कोल्हापूरला जातात. त्यांतले कोणी वकील होतील, कोणी न्यायाधीश, कोणी विधानसभेत जाण्याचे स्वप्न पाहतील. त्यांच्यासाठी या चरित्रात एक सरळ शिकवण आहे. कायदा करणाऱ्याने कोर्टाची पायरी चढलेली असावी, न्यायाधीशाने शेताचा बांध पाहिलेला असावा, आणि वकिलाने आपल्या पक्षकाराची गोष्ट पहिल्या रुपयापासून ऐकलेली असावी. रानडे मोठे झाले ते या तिन्ही गोष्टी त्यांनी मनापासून केल्या म्हणून. ज्याच्या हाती कायदा आहे, त्याने कागदावर सही करणाऱ्या माणसाला आधी ओळखले पाहिजे, आणि तशी ओळख करून घेण्याची तयारी नसेल तर न्यायासनावर बसू नये.